रात्री दोन वाजता इशारा कुणाला जातो?

वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशकांची उत्तरे

मनाच्या तक्रारींसाठी मोबाइलवरचे चॅटबॉट, आपोआप गुण मोजणाऱ्या प्रश्नावल्या आणि 'एआय समुपदेशक' वापरावेत का, याबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रं येत आहेत. त्यांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. आत्ता तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर हे सदर नंतर वाचा. आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावा. तो 24 तास चालू असतो आणि मोफत आहे. जिवाला धोका समोर दिसत असेल तर 112 किंवा 108 लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर चॅटबॉटशी बोलते. विचारलं तर म्हणते, 'तो मला समजून घेतो, तुम्ही नाही.' फोन काढून घ्यावा का?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, फोन हिसकावून घेऊ नका. बोलायला तिनं एक जागा शोधली आहे. ती अपुरी आहे हे खरं, पण एका रात्रीत बंद केलीत तर ती दुसऱ्या एखाद्या ॲपवर जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आधी ती नेमकं कशाशी बोलते ते पाहा. मानसिक आरोग्यासाठी बनवलेले काही बॉट ठरलेल्या वाटेनं चालतात: प्रश्न, पर्याय, आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. ते भलतंसलतं बोलत नाहीत, पण वेगळ्या शब्दांत सांगितलेलं दुःख त्यांच्या हातून निसटतं. 2018 मध्ये बीबीसीनं अशा दोन नावाजलेल्या ॲपना लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलची वाक्यं देऊन पाहिली. त्या मुलाला तातडीनं मदत मिळायला हवी, हे त्यांना ओळखता आलं नाही. दुसरा प्रकार सर्वसाधारण एआय चॅटबॉटचा. तो दर वेळी नवं वाक्य रचतो, मराठीही बरी समजतो, पण समोरच्याच्या म्हणण्याला मान डोलवण्याकडे त्याचा कल असतो. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल याच कारणासाठी मागे घ्यावा लागला. 'घरच्यांना माझं ओझं झालंय' असं मूल म्हणालं तर माणूस तिथे थांबतो, विचारतो. यंत्र 'तुझं वाटणं अगदी साहजिक आहे' म्हणून पुढे जाऊ शकतं. संवाद लांबत गेला की सुरक्षेची बंधनं सैल पडू शकतात, हे त्याच कंपनीनं ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केलं. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत हेल्पलाइनचा क्रमांक देणारा बॉट दोन तासांनी तो देईलच असं नाही. मुलं तर तासन्‌तास बोलतात.

म्हणून आजच, दोघीच असताना, सरळ विचारा: 'कधी जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. उलट बोलायला मोकळीक मिळते. उत्तर 'हो' आलं तर पुढचं विचारा: कधीपासून, किती वेळा, कसं करायचं हे ठरवलंय का? ठरवलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातली औषधं, शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ घ्या. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखं बोलणं, खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकदम शांत होणं, ही लक्षणं दिसली तरी वाट पाहू नका.

उत्तर 'नाही' आलं तर झोपेपासून सुरुवात करा. फोन रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचा, तुमचासुद्धा. तिच्याच फोनमध्ये 14416 'टेलि-मानस' या नावानं सेव्ह करून ठेवा. बॉट कधी कधी 988 सांगतात; तो अमेरिकेचा क्रमांक आहे, इथून लावून उपयोग नाही. कधी तर अस्तित्वातच नसलेला क्रमांक ठोकून देतात.

प्रश्न : एका ॲपवर नऊ प्रश्न सोडवले. 27 पैकी 8 गुण आले. 'सौम्य नैराश्य, ध्यान करा' असं लिहून आलं. मग डॉक्टरांकडे जायची गरज नाही ना?
– टॉवेल कारखान्यातला हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी

ही नैराश्य चाचपण्याची पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली. गेल्या 2 आठवड्यांबद्दलचे 9 प्रश्न असतात आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 5 ते 9 सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून बऱ्यापैकी तीव्र, 20 पासून तीव्र. तुमचे 8 'सौम्य'मध्येच बसतात.

पण बेरजेवर थांबू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला तुम्ही 1 जरी दिला असेल, तरी एकूण गुण कितीही कमी असोत, माणसाशी बोलणं आवश्यक ठरतं. चांगलं ॲप इथे बेरीज बाजूला ठेवून थेट मदतीकडे वळवतं. खराब ॲप फक्त बेरीज बघतं आणि ध्यानाचा व्हिडिओ लावतं. तुमच्या ॲपनं काय केलं ते परत उघडून बघा. शेवटी आणखी एक प्रश्न असतो, ज्याला गुण नसतात: या त्रासामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालं? 8 गुण असूनही कामावर जाणं थांबलं असेल तर ते सौम्य नव्हे.

दुसरं, ही चाळणी आहे, निदान नव्हे. थकवा, झोप बिघडणं, भूक मंदावणं हे थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे, बी-12 च्या कमतरतेमुळेही होतं. ॲप तुमचे डोळे पांढरे पडलेत का हे पाहू शकत नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12 या तपासण्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. 2 आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरा. गुण वाढले किंवा तेवढेच राहिले तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मिस्टर लिथियमच्या गोळ्या घेतात. उन्हाळ्यात पाय दुखले म्हणून त्यांनी एआयला विचारलं. त्यानं आयब्युप्रोफेन सुचवलं. रक्तदाब वाढल्यावर मीठ बंद करा म्हणालं. ऐकावं का? आषाढीला चालत जायचंही त्यांच्या मनात आहे.
– एक गृहिणी, मंगळवेढा तालुका

नाही, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तुमचा प्रश्न सगळ्यांनी वाचावा असा आहे, कारण दोन्ही सल्ले इतर माणसाला कदाचित चालले असते. यंत्राला गोळ्यांची यादी माहीतच नव्हती, आणि ती त्यानं विचारलीही नाही.

लिथियम, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही हेच होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गोळ्यांनीसुद्धा. प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं, 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. कामाच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर एवढं थोडं असलेली औषधं फार नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा नुसत्या घामानं हे अंतर संपू शकतं. जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपवास धरला, रोजे ठेवले किंवा वारीत दिवसभर चालले, तरी तोच धोका.

काय करायचं : दुखण्याला काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, बहुधा पॅरासिटामॉल सांगतील. मीठ रोज नेहमीइतकंच, अचानक कमीही नाही आणि जास्तही नाही. पाण्याची बाटली सोबत. वारीला जायचं असेल तर निघण्याआधी रक्तातलं लिथियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) आणि थायरॉइड तपासून डॉक्टरांचा होकार घ्या. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर आकडा चुकीचा येतो. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

हात ठळकपणे थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं, गुंगी: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, थेट दवाखाना गाठा आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. गुंगीतल्या माणसाला नाव विचारत बसण्यापेक्षा पाकिटावरून डॉक्टरांना लगेच कळतं.

2020 च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की एआयवर चालणाऱ्या मंचानं रुग्णाला समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. ते नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचं. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ती चिठ्ठी नव्हे.

प्रश्न : गॅस बंद केला का, दाराला कुलूप लागलं का, ही शंका जात नाही. आता दर अर्ध्या तासानं बॉटला विचारतो. तो धीर देतो, बरं वाटतं. पण विचारणं वाढतच चाललंय.
– एक वाचक, मोहोळ

वाढणारच. ही मंत्रचळेपणाची, म्हणजे ओसीडीची, लक्षणं असावीत. त्यात धीर मिळाला की क्षणभर सुटल्यासारखं होतं आणि शंका आणखी पक्की होते. घरातला माणूस दहाव्यांदा विचारल्यावर वैतागतो. बॉट वैतागत नाही, म्हणून तो इथे जास्त अपाय करतो. यावर परिणामकारक उपचार आहे: शंका येऊ द्यायची, पण तपासायचं नाही आणि विचारायचंही नाही, हे पायरीपायरीनं शिकवलं जातं, गरजेप्रमाणे औषधही दिलं जातं. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तोवर बॉटला विचारण्याआधी 10 मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात 20.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सुमारे 2000 विद्यार्थी आहेत, कनिष्ठ महाविद्यालय धरून. एक कंपनी 'स्वयंचलित समुपदेशन ॲप' देऊ करते आहे. व्यवस्थापन उत्सुक आहे. घेण्याआधी काय तपासावं?
– विद्यार्थी कल्याण समितीच्या एक सदस्या, बार्शी

पहिला प्रश्न कंपनीला विचारा, तोही लेखी: रात्री दोन वाजता एखाद्या मुलानं जीव देण्याबद्दल लिहिलं, तर इशारा कुणाच्या फोनवर जातो आणि तो माणूस किती मिनिटांत परत फोन करतो? 'ॲप हेल्पलाइनचा क्रमांक दाखवतं' एवढंच उत्तर आलं तर रात्रीची सेवा त्यांच्याकडे नाही, असं समजा. अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी 2025 मध्ये थेराबॉट नावाच्या एआय बॉटची 210 जणांवर चाचणी प्रसिद्ध केली. नैराश्याच्या गटात लक्षणं सरासरी 51 टक्के कमी झाली. हा आकडा कंपन्या आवडीनं सांगतात. त्या चाचणीत संशोधक संदेश तपासत होते आणि धोका दिसला की मध्ये पडत होते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

मग हिशेब मांडा. समजा, एका आठवड्यात 2000 पैकी 20 मुलं खरोखर धोक्यात आहेत. ॲप धोक्यातल्या 100 पैकी 90 ओळखतं आणि धोक्यात नसलेल्या 100 पैकी 5 जणांबद्दल उगाच घंटा वाजवतं. म्हणजे 18 सापडली, 2 सुटली आणि 1980 पैकी 99 खोटे इशारे. एकूण 117 इशारे, दिवसाला जवळपास 17. प्रत्येकाला 15 मिनिटांचा फोन धरला तरी रोजचे सव्वाचार तास. हे आकडे गृहीत आहेत. कंपनीकडून तिचे खरे आकडे घेऊन हीच आकडेमोड करा. माणूस नेमला नसेल तर तिसऱ्या दिवसापासून इशारे न बघताच पुसले जातात, आणि त्यातच ते 18 जातात.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवाच. ॲप त्याच्या हाताखाली चालावं, त्याच्या जागी नव्हे.

भाषेची चाचणी स्वतः घ्या, कंपनीच्या प्रात्यक्षिकावर विसंबू नका. निदान 60 वाक्यं तयार करा. त्यात 20 सरळ असावीत, 20 आडून बोललेली ('आता सगळ्यांची सुटका करून टाकतो', 'मी असले काय, नसले काय') आणि 20 नुसती बोलण्याची रीत ('हसून हसून मेलो', 'गणितानं जीव खाल्लाय'). हीच वाक्यं देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, आवाजी संदेशातून आणि आपल्याकडच्या मुलांच्या घरच्या भाषांत, म्हणजे तेलुगू, कन्नड, हिंदी-दख्खनीत द्या. प्रत्येक वाक्य तीनदा द्या, कारण एआयचं उत्तर दर वेळी बदलतं. काही वाक्यं नव्या गप्पांत न देता चाळीसेक संदेश झाल्यावर मध्येच टाका. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि नंतर ताडून पाहावेत. आमचा निकष कडक आहे: सरळ वाक्य एकही सुटता कामा नये आणि आडून बोललेल्या प्रत्येकावर ॲपनं थेट विचारणा केली पाहिजे. तिसऱ्या गटात थोडी चूक चालेल.

चाचणी एकदाच घेऊन भागत नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या नीडा या संस्थेला टेसा हा बॉट बंद करावा लागला. ठरीव उत्तरं देणाऱ्या या बॉटमध्ये नंतर एआयची भर पडली आणि तो खाण्याच्या विकारानं त्रस्त लोकांना वजन कमी करण्याचे, उष्मांक मोजण्याचे सल्ले देऊ लागला. तेव्हा करारात लिहून घ्या: मॉडेल किंवा मजकूर बदलण्याआधी 15 दिवस सूचना, आणि तुमची 60 वाक्यं पुन्हा उत्तीर्ण झाल्याशिवाय बदल लागू नाही.

इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत अशा सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेसाठी दोन वेगळी मानकं आहेत: डीसीबी 0129 बनवणाऱ्यासाठी आणि डीसीबी 0160 वापरणाऱ्या संस्थेसाठी. दुसरं महत्त्वाचं, कारण ते सांगतं की जबाबदारी विकत घेणाऱ्याचीही असते. आपल्याकडे ते लागू नाही, पण त्यातली धोक्यांची नोंदवही जरूर उचला. साधी वही चालेल. रकाने असे : धोका, तो कशामुळे, आत्ता काय बंदोबस्त आहे, कोण बघणार, केव्हा तपासलं. चुकता चुकता वाचलेल्या घटनाही लिहा. त्यांतूनच पुढचं कळतं.

इशाऱ्याची साखळी महिन्यातून एकदा खोट्या इशाऱ्यानं तपासा, रात्रीच्या वेळी आणि दिवाळीच्या सुट्टीतही. पहिला माणूस 10 मिनिटांत उठला नाही तर दुसऱ्याकडे जातो का? वीज गेली, रेंज नसली तर काय? वसतिगृहाच्या रेक्टरांचा क्रमांक गेल्या वर्षीचाच तर नाही ना? आमच्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, एआयमध्ये नव्हे.

अकरावी-बारावीची बहुतेक मुलं 18 वर्षांखालची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती सांगितली आहे. संमतीपत्र मराठीत हवं आणि त्यात 'धोका दिसल्यास अमुक व्यक्तीला कळवलं जाईल' हे मुलांना आधीच सांगितलेलं हवं. नंतर कळलं तर विश्वास उडतो आणि पुढची मुलं लिहीतच नाहीत. शेवटी, ॲप तातडीनं बंद करण्याचा अधिकार एका नावावर द्या. समितीची बैठक बोलावून असे निर्णय होत नाहीत.

प्रश्न : ॲपवर लिहिलेलं गुप्त राहतं का?
– एक शिक्षिका, करमाळा

डॉक्टरांवर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं गोपनीयतेचं बंधन असतं. 'वेलनेस' म्हणवणारं ॲप स्वतःला त्या चौकटीबाहेर ठेवू पाहतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला 78 लाख डॉलर भरायला लावले, कारण ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना दिली गेली होती. खरं नाव, शाळेचं नाव, इतरांची नावं लिहू नका. नोंदणीसाठी वेगळा ईमेल वापरा, कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी नाकारा. ॲप काढण्याआधी आतला 'खातं आणि माहिती पुसा' हा पर्याय वापरा. नुसतं अनइन्स्टॉल केल्यानं त्यांच्याकडची माहिती जात नाही.

प्रश्न : आई विड्या वळते, तेलुगू बोलते. 'छातीत धडधडतं, अंगात आग होते, झोप नाही' म्हणते. मी तिच्या वतीनं बॉटला विचारलं, त्यानं पित्तावर उपाय सांगितले. हेल्पलाइनवर तेलुगू बोलतात का?
– एक मुलगा, पूर्व भाग

14416 वर 20 भाषांची सोय आहे, तेलुगूही आहे. फोन लागल्यावर सुरुवातीला भाषा निवडायची. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. फोन आईच्याच हातात द्या. तुम्ही मधे बसून भाषांतर केलंत तर मुलासमोर सांगता येणार नाही असं ती सांगणार नाही.

मात्र आधी छातीचं बघा. नवी धडधड असेल, सोबत दम, घाम, हात किंवा जबडा दुखणं असेल तर आजच ईसीजी काढा. तो ठीक आला तर साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. तेही ठीक असेल तर सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, मनोविकार विभागात दाखवा. काळजी आणि नैराश्य अनेकदा अंगातूनच बोलतं, आणि टाइप केलेल्या दोन ओळींवरून ते ओळखणं बॉटला जमत नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि आठवडाभराची झोपेची नोंद न्या: किती वाजता पडली, किती वाजता जाग आली. तंबाखूची मिसरी लावत असेल तर तेही सांगा. धडधडीशी त्याचा संबंध असू शकतो.